पावसाचा जमाखर्च

महाराष्ट्रातील वयोवृद्ध पिढी आपल्या आयुष्याचे दोन भाग पाडते : बहात्तरच्या दुष्काळाआधीचा आणि नंतरचा. १९७० पासून पावसाने ओढ दिली आणि १९७२ साली परिस्थिती हाताबाहेर गेली. विहिरींनी तळ गाठला, दावणीची जनावरे बाजारात कवडीमोलाने विकली गेली, मिलो आणि सुकडीवर लहान मुलांची भूक भागवावी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडणाऱ्या त्या हातांतूनच पुढे रोजगार हमीची कल्पना बळकट झाली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप आले.

त्या दुष्काळाने आणखीही एक गोष्ट दिली. सरकारी मदत येते आणि जाते, मात्र आपल्या शिवारात पडणाऱ्या पावसाची जबाबदारी आपल्यालाच घ्यावी लागते, ही जाणीव काही माणसांच्या मनात रुजली. ‘हवामानबदल’ हा शब्द तेव्हा कोणाच्या ओठी नव्हता. या विषयावरील आंतरशासकीय समिती, म्हणजे आयपीसीसी, १९८८ साली स्थापन झाली आणि रिओ येथील जागतिक परिषद १९९२ साली भरली. त्याच्या कितीतरी आधी पुरंदर आणि पारनेर तालुक्यांतील माळरानांवर लहरी हवामानाशी जुळवून घेण्याचे काम हाती टिकाव-फावडे घेऊन सुरू झाले होते. आज ज्याला हवामान अनुकूलन म्हणतात, ते हेच.

आपली संस्था यंदा पन्नास वर्षांची होत आहे. या लोककार्याचे वयही जवळजवळ तेवढेच. पन्नाशीच्या टप्प्यावर कोणत्याही सार्वजनिक संस्थेने स्वतःला एक प्रश्न विचारायचा असतो : स्थापनेच्या वेळचा उत्साह ओसरल्यावर संस्थेला कशाने तारले? पाण्यासाठी झटलेल्या स्वयंसेवकांच्या या अर्धशतकाच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते, म्हणून तो या स्मरणिकेत मांडण्याचा हा प्रयत्न.

नायगावचा माळ

विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंता आणि यशस्वी उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात मदतकार्यासाठी ते पुरंदर तालुक्यात गेले. हजारो माणसे खडी फोडताहेत, पण या कष्टातून पुढच्या दुष्काळासाठी काहीच उभे राहत नाही, हे पाहून त्यांचे मन अस्वस्थ झाले. नायगाव येथील देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड जमीन त्यांनी पन्नास वर्षांच्या कराराने घेतली आणि १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना केली. पत्नी कल्पनाताई यांची त्यांना या कामात अखेरपर्यंत साथ होती.

उताराच्या जमिनीवर बांध घातले गेले, वाहून जाणारे पाणी पाझर तलावात अडवले गेले, तलावाखाली विहीर घेतली गेली आणि तिचे पाणी उचलून वरच्या शेताला दिले गेले. ज्या माळावर कुसळाखेरीज काही उगवत नव्हते तेथे धान्य आणि झाडे उभी राहिली. आजूबाजूचे शेतकरी पाहण्यास येऊ लागले. ‘आम्हालाही असे पाणी हवे’ अशी मागणी त्यांनी केली तेव्हा खरा कसोटीचा प्रश्न उभा राहिला. मिळणारे पाणी थोडे आणि मागणारे अनेक. मग वाटप कोणत्या न्यायाने करायचे?

साळुंखे यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे ‘पाणी पंचायत’. तिचे नियम मोजकेच होते, मात्र त्यांमागील विचार दूरगामी होता. पाण्याची योजना एकट्या शेतकऱ्यासाठी होणार नाही, ती गटासाठीच होईल. पाण्याचा हिस्सा जमिनीच्या प्रमाणात ठरणार नाही, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरेल : माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकर भिजेल एवढाच. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसेल, म्हणून जमीन विकली तरी पाणी विकले जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा राहील. उसासारखे तहानलेले पीक घेता येणार नाही. खर्चाचा पाचवा भाग शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून भरायचा. उरलेल्यासाठी सरकारी अनुदान आणि प्रतिष्ठानची मदत.

या नियमांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानी येते. त्यांतील प्रत्येक नियम गावातील सबळ माणसाला काहीतरी सोडायला लावतो. ज्याच्याकडे वीस एकर जमीन आहे त्यालाही पाणी मिळेल ते अडीच एकरांपुरतेच. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला स्वतंत्र मोटार बसवून अधिक उपसता येणार नाही. मर्यादा स्वेच्छेने स्वीकारणे ही कल्पना आपल्या वाचकांना नवी नाही, ती आचरणात आणणे किती कठीण हेही आपण जाणतो. पुरंदरच्या शेतकऱ्यांनी ती सामुदायिक व्यवहारात आणून दाखवली, हे त्यांचे मोठेपण.

२००२ साली साळुंखे यांचे निधन झाले. काळाच्या ओघात पाणी पंचायतीच्या काही योजना टिकल्या, काही बंद पडल्या. विजेचा खर्च, आपापसांतील मतभेद, नगदी पिकांचा मोह, अशी सामुदायिक योजनांच्या वाटेत येणारी संकटे पाणी पंचायतीलाही चुकली नाहीत. तरीही पाणी ही मालमत्ता नसून वाटून घ्यावयाचा ठेवा आहे, हा विचार महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात कायमचा रुजला, तो नायगावच्या माळावरून.

बंदीची गावे

१९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या आपल्या गावी परतले. दारूच्या भट्ट्या आणि कोरड्या विहिरी हीच तेव्हा गावाची ओळख होती. मंदिराच्या जीर्णोद्धारापासून त्यांनी सुरुवात केली आणि तरुणांना हाताशी धरून नालाबंडिंग, समतल चर, वृक्षारोपण यांचे काम उभे केले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही गावाची पाच सूत्रे ठरली. पुढे राज्य शासनाने आदर्श गाव योजना आखली तेव्हा हीच सूत्रे तिच्या पायाशी होती.

राळेगणचा कित्ता ज्यांनी गिरवला, त्यांत हिवरे बाजारचे नाव ठळक आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील या गावात वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९८९ साली पोपटराव पवार हे उच्चशिक्षित तरुण बिनविरोध सरपंच झाले तेव्हा गावातील बहुतेक कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती आणि तरुण मजुरीसाठी शहराची वाट धरत होते. १९९४ साली गावाची आदर्श गाव योजनेत निवड झाली. डोंगरउतारावर चर खणले गेले, बांधबंदिस्ती झाली, झाडे लावली आणि जगवली गेली. पाण्याने गाव पालटले. बाहेर गेलेली कुटुंबे परतली आणि दुधाचा धंदा वाढला. २०२० साली पवार यांना पद्मश्री मिळाली.

चर आणि बंधारे इतरही शेकडो गावांत झाले. मग हिवरे बाजार टिकले आणि अनेक गावे पुन्हा टँकरच्या रांगेत का गेली? याचे उत्तर शोधताना दख्खनच्या भूगर्भाकडे पाहावे लागते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. गंगा-यमुनेच्या खोऱ्यासारखे वाळू-मातीचे खोल थर येथे नाहीत. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे फार थोड्या जागेत. दहा जणांनी उन्हातान्हात चर खणून जिरवलेले पाणी अकरावा माणूस खोल बोअर पाडून एका उन्हाळ्यात उपसू शकतो. त्यात चोरीचा ठपकाही येत नाही, कारण बोअर त्याच्याच जमिनीत असते.

हे ओळखून हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. ऊस आणि केळीसारख्या पिकांना नकार दिला. जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही असेही ठरवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावाने पाण्याचा जमाखर्च मांडण्यास सुरुवात केली. पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि ग्रामसभेत सर्वांसमोर हिशेब मांडायचा. पहिली तरतूद माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याची, त्यानंतर शेतीची, आणि पुढील वर्षासाठी थोडी शिल्लक. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी रब्बीचे क्षेत्र कमी.

व्यापारी पेढीवर वाढलेल्या आपल्या वाचकांना हा हिशेब सहज समजेल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १० हजार लिटर पाणी जमा होते. ४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी ४० लाख लिटर. एक हजार हेक्टर शिवाराच्या गावात, दुष्काळी मानल्या जाणाऱ्या पर्जन्यमानातही, आकाशातून ४०० कोटी लिटर पाणी उतरते. दीड हजार वस्तीच्या गावाला, माणशी रोजचे ५५ लिटर धरल्यास, वर्षाला लागते सुमारे ३ कोटी लिटर. म्हणजे जमेच्या एक टक्काही नाही. पावसाचे बरेचसे पाणी वाफ होऊन आणि वाहून जाते हे खरे, तरीही पिण्याच्या पाण्याला तुटवडा पडावा असे या आकड्यांत काही नाही. तुटवडा पडतो तो खर्चाच्या बाजूला. पाटपाण्यावरच्या एक हेक्टर उसाला वर्षभरात साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. अवघ्या चार एकर उसाने पिऊन टाकलेले पाणी संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याइतके भरते. खतावणीची ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवली की दुष्काळ पावसाने किती आणला आणि माणसाने किती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

श्रमदानाचा महोत्सव

२०१२-१३ च्या दुष्काळाने मराठवाडा पुन्हा होरपळला. त्या वेळी आपल्या समाजाशी नाते असलेली एक संस्था या कामात उतरली. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेली भारतीय जैन संघटना त्यापूर्वी ओळखली जात होती ती सामूहिक विवाह, शैक्षणिक कार्य आणि आपत्तिनिवारण यांसाठी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी तिने घेतली, ही घटना अनेकांच्या स्मरणात असेल. २०१३ साली बीड जिल्ह्यातील तलावांतून गाळ काढण्याचे काम संघटनेने हाती घेतले. गाळ काढल्याने तलावात पाणी साठण्याची जागा वाढते आणि तोच गाळ हलक्या जमिनीवर पसरला तर तिची ओल धरण्याची शक्ती वाढते. २०१७ पासून राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही याच तत्त्वावर चालली : गाळ उपसण्यास मदत मिळेल, पण तो शेतापर्यंत वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करायचा. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, हे पाणी पंचायतीच्या पाचव्या हिश्श्यातले सूत्र येथे पुन्हा दिसते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले. पाण्याची रेल्वे हे दृश्य देशभर दाखवले गेले. त्याच महिन्यात राज्याच्या तीन तालुक्यांत, अमरावतीतील वरुड, बीडमधील अंबाजोगाई आणि साताऱ्यातील कोरेगाव येथे, एक आगळी स्पर्धा सुरू झाली. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांनी उभारलेल्या पाणी फाउंडेशनची ती ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा. पहिल्या वर्षी ११६ गावे उतरली. २०१७ मध्ये ३० तालुके आणि तेराशेहून अधिक गावे झाली. २०१८ मध्ये तालुक्यांची संख्या ७५ वर गेली.

स्पर्धेची रचना साधी होती. प्रत्येक गावातून काही स्त्री-पुरुष प्रशिक्षणाला यायचे. पाणी माथ्यापासून पायथ्याकडे कसे वाहते, समतल रेषा कशी आखावी, चर किती खोल घ्यावा, दगडी बांध कोठे घालावा, माती कशी तपासावी, हे सारे ते शिकायचे आणि गावी परतून गावाला उठवायचे. काम उन्हाळ्यातील साधारण दीड महिन्याचे. पाणलोटाच्या कामातील जाणकार, साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ यांच्यासारख्यांचे मार्गदर्शन या कामाला लाभले. एप्रिल-मेच्या उन्हामुळे माणसे पहाटे किंवा रात्री विजेऱ्यांच्या उजेडात खणत. कोणी लग्नाच्या दिवशी मुंडावळ्यांसह कुदळ मारली, शहरात नोकरीला गेलेले तरुण रजा घेऊन गावी आले, १ मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईचे हजारो नागरिक फावडी घेऊन पोहोचले. पहिल्या वर्षी साताऱ्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला, दुसऱ्या वर्षी वर्धा जिल्ह्यातील काकडदरा या छोट्या आदिवासी वस्तीने, २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडीने आणि २०१९ मध्ये बार्शी तालुक्यातील सुर्डीने.

हातांनी होणारे काम हातांनी आणि मोठे खोदकाम यंत्रांनी, अशी विभागणी असे. यंत्रांच्या बाजूने भारतीय जैन संघटनेने मोठा भार उचलला. श्रमदानात पुढे असलेल्या गावांना तिने जेसीबी आणि पोकलेन यंत्रे उपलब्ध करून दिली. २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात प्रशासनाच्या सहकार्याने शंभराहून अधिक यंत्रे लावून जलसंधारणाचा स्वतंत्र उपक्रमही राबवला. येथे एक तपशील महत्त्वाचा वाटतो. गावाने आधी स्वतः घाम गाळावा आणि मग यंत्र यावे, असा क्रम होता. देणाऱ्याने घेणाऱ्याचा पुरुषार्थ जागवावा, त्याला पंगू करू नये, ही दानाची मर्यादा त्यात सांभाळली गेली.

कसोटीचे वर्ष

इतिहास लिहिताना केवळ गौरव करून थांबता येत नाही. २०१८ चा पावसाळा अपुरा ठरला आणि ऑक्टोबरअखेर शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. श्रमदान केलेल्या कित्येक गावांची परीक्षा लगेच पुढच्या उन्हाळ्यात झाली. काही गावे तरली, काहींना टँकर घ्यावे लागले. २०१४ अखेरीस सुरू झालेल्या शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० साली अहवाल दिला. ९ हजार ६०० कोटींहून अधिक रुपये खर्चूनही भूजलाची पातळी उंचावण्यात योजनेचा प्रभाव अल्प राहिला, असा त्याचा निष्कर्ष होता. नाल्यांचे खोलीकरण गरजेपेक्षा अधिक केले गेले, माथ्यावरची कामे मागे पडली, अशी टीका जलतज्ज्ञ आधीपासून करीत होते.

उणीव केवळ तंत्रात नव्हती. चर खणणे हे उत्सवाचे काम आहे. त्यात गाणी असतात, एकत्र जेवणे असतात, आणि पहिल्या पावसात चर तुडुंब भरला की डोळ्यांत पाणी येते. उपशाला लगाम घालणे हे उत्सवाचे काम नाही. त्यात शेजाऱ्याला ‘नवे बोअर घेऊ नको’ असे सांगावे लागते, सख्ख्या भावाशी वाद होतो, निवडणुकीत मते जातात. श्रमदानाच्या दिवशी सारे गाव एक असते. ग्रामसभेत पीक ठरवायच्या दिवशी गाव किती एक राहते, त्यावर पुढचा उन्हाळा ठरतो. विहिरींना पाणी आले म्हणून आनंदाने उसाची लागवड वाढवणारे गाव दोन वर्षांत पूर्वपदावर येते. याउलट हिवरे बाजारने यश आल्यानंतर नियम अधिक कडक ठेवले.

समाधानाची गोष्ट ही की हा धडा वाया गेला नाही. पाणी फाउंडेशनने २०२० मध्ये वॉटर कपच्या पुढचे पाऊल म्हणून ‘समृद्ध गाव’ स्पर्धा सुरू केली. तिच्यात पाणी साठवण्याइतकेच महत्त्व पाण्याच्या योग्य वापराला, मातीच्या आरोग्याला आणि गवत-झाडांना दिले गेले. २०२२ पासून ‘फार्मर कप’द्वारे शेतकऱ्यांचे गट एकत्र शेती करू लागले. २०१९ अखेरीस घोषित झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतील गावांनी पाण्याचा जमाखर्च मांडावा असे ठरले. एका लहानशा गावाची वही राष्ट्रीय योजनेचा भाग झाली. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने गावांना आणि शहरांना भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर काम करण्याचे आवाहन केले.

बदललेले आकाश

या सर्व प्रयत्नांना आता नवे परिमाण लाभले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे वर्ष तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचे पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, ज्या मराठवाड्याला आपण कायम तहानलेला समजत आलो, तेथे अतिवृष्टीने आणि पुराने उभी पिके, जनावरे आणि मातीसुद्धा वाहून नेली.

बहात्तरच्या पिढीला ठाऊक होते की पाऊस कमी पडेल. आजच्या पिढीला एकाच वर्षात दुष्काळ आणि महापूर दोन्हींची तयारी ठेवावी लागते. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला तर तो जमिनीत मुरत नाही, माती घेऊन नदीला मिळतो. अशा वेळी उतारावरील चर, गवताने धरलेली माती आणि माथ्यावरची झाडे दोन्ही संकटांत उपयोगी पडतात : पुराचा वेग कमी करतात आणि उन्हाळ्यासाठी ओल राखतात. मात्र गावाच्या श्रमदानाने जगाचे तापमान उतरणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. धूर ज्यांनी अधिक सोडला त्यांच्यात कोरडवाहू शेतकरी नाही, आणि झळ मात्र त्यालाच पहिली लागते. या अन्यायाची जाणीव ठेवूनच त्याच्या कामाकडे पाहावे.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे आज तालुक्याच्या वा शहराच्या ठिकाणी आहेत. माळावरचे चर आपल्याला दूरचे वाटतील. परंतु ज्या नियमाने हिवरे बाजार टिकले तो नियम शहराला अधिक लागू पडतो. आपल्या वसाहतीच्या आवारात बोअर आहे, त्याची पातळी शेवटची कधी मोजली? गच्चीवर पडणारा पाऊस कोठे जातो? एक हजार चौरस फुटांच्या, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर ५०० मिलिमीटर पावसात सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडते. त्यातील बहुतांश आपण गटारात सोडतो आणि मार्च उजाडला की टँकरवाल्याचा क्रमांक शोधतो. संस्थेच्या सभागृहाची गच्ची, धर्मशाळेचे आवार, शाळेचे पटांगण ही आपल्या हातातली शिवारे आहेत. त्यांचा जमाखर्च मांडण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पन्नास वर्षांनंतर

नायगावच्या देवस्थानाशी विलासरावांनी पन्नास वर्षांचा करार केला होता. एवढ्या मोठ्या मुदतीचा विचार त्या काळी एखाद्या उजाड माळासाठी कोणी करणे हेच आश्चर्य. पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्या. लावणाऱ्याने लावायचे आणि सावलीला बसायचे ते नातवंडांनी. कोणतीही विश्वस्त संस्था याच भावनेने स्थापन होते. विश्वस्त हा शब्दच सांगतो की ठेवा दुसऱ्याचा आहे, आपण राखणदार आहोत.

या अर्धशतकात अनेक कार्यकर्ते आले आणि गेले. काहींचे पुतळे झाले, काहींना पुरस्कार मिळाले, बहुतेकांची नावे त्यांच्या गावाबाहेर कोणाला ठाऊक नाहीत. उत्साहावर उभ्या राहिलेल्या गावांचा उत्साह एका चांगल्या पावसात संपला. जेथे सर्वांनी, विशेषतः ज्यांच्याकडे अधिक होते त्यांनी, स्वतःवर नियम घालून घेतला आणि दरवर्षी सर्वांसमोर हिशेब मांडला, तेथे पाणी टिकले आणि गावही टिकले. आपल्या संस्थेची पहिल्या वर्षांची जमाखर्चाची वही कार्यालयात आजही जपून ठेवलेली असेल, तर सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी ती अवश्य उघडून पाहावी. तिच्यातील वर्गणीच्या लहान लहान रकमा वाचल्या की पाणी पंचायतीतील पाचवा हिस्सा भरणाऱ्या शेतकऱ्यांची आठवण होईल. आणि नव्या वर्षाच्या वहीत एक नवे खाते उघडावे : पावसाचे. जमा किती, खर्च किती, आणि येणाऱ्यांसाठी शिल्लक किती.